मावळतीकडे पाठ करून बसा

आधी पायातले ते मऊ बूट काढा. कोल्हापुरी चपला घाला. नव्या असतील तर टाचेला चावतील, चावू द्या. डोक्यावर टोपी नाहीतर फेटा हवाच, बोडक्या डोक्यानं निघालात तर वाटेत दहाजण विचारतील, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून. मोबाईल इथंच ठेवा. घड्याळही नको. वेळ कंडक्टरला विचारायची आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

साल १९६३. थंडी सरत आली आहे, पण गगनबावड्याला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. पहाटेचं धुकं इतकं दाट आहे की गगनगड कुठल्या बाजूला हे तुम्ही नुसत्या सवयीनं सांगताय. थांब्यावर उभी असलेली माणसं आधी ऐकू येतात, मग दिसतात. खोकला, बिडीच्या टोकाचा लाल ठिपका, ओल्या घोंगडीचा उग्र वास. त्यातले चारपाच जण घाटाखालचे, रात्रभर कंदील घेऊन चढून आलेले. त्यांच्या बोचक्यात सुके बांगडे आहेत, हे ते सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलंय. एवढी यातायात कशासाठी? विचारू नका. विचारलंत तर तुम्ही परके आहात हे उघड होईल. आज कोल्हापुरात खासबागेत कुस्त्यांचं मैदान आहे.

तुम्ही बाई असाल तर एक अडचण आहे. तिथल्या गर्दीत बायका जवळजवळ दिसणारच नाहीत. फेटा कपाळावर ओढून बांधा आणि कुणी काही बोललं तर नुसतं ‘हूं’ म्हणा. कुस्तीच्या शौकिनाला समोरच्याच्या बोलण्याची तशीही फारशी गरज नसते, हे तुम्हाला असळजच्या आधीच कळून येईल.

गाडी आली. दारात लोंबकळू नका, आत घुसा. ज्या बाकावर दोघांनी बसायचं तिथं चौथे तुम्ही. मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कुणाची तरी कोंबडी. डिझेलचा धूर खालच्या फळीतून वर येतो आणि तंबाखूच्या वासात मिसळतो. गाडी हलते न हलते तोच तुमच्या शेजारचे पांढऱ्या मिशांचे आबा मागच्या बाकाकडं वळून सुरू होतात.

“आंदळकर म्हंजे आंदळकर. डोंगर हाय त्यो. डोंगराला कुनी पट लावतंय व्हय?”

“डोंगर जाग्याव ऱ्हातोय आबा. मारुती माने बगा, एवढा गडी आन पळतोय कसा!”

गेल्या पावसाळ्यात जकार्ताला आशियाई खेळ झाले. शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपत आंदळकर आणि सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने, दोघांनी एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं. तुम्हाला वाटेल, गाडीत आनंदीआनंद असेल. छे! गाडीत भांडण आहे. एक म्हणतो, गादीवर मिळवलेलं ते, तिथं काय, पडलं तरी लागत नाही. दुसरा म्हणतो, गादीवर घसरतं लेका, पाय धरायला माती नसते, तिथं उभं राहून दाखव. तिसरा मध्येच एकसंब्याच्या खंचनाळ्यांना आणतो. १९५९ साली दिल्लीत बंतासिंगाला पाडून पहिली हिंदकेसरीची गदा त्यांनी आणली, मग पुढच्या साली आंदळकरांनी. “पयला त्यो पयला,” असं म्हणून तो खिडकीबाहेर पचकन थुंकतो, म्हणजे त्याच्यापुरता विषय मिटला. खाशाबा जाधवांचं नाव निघतं तेव्हा मात्र सगळे एकदम मवाळ होतात. हेलसिंकीचं ते कांस्यपदक अकरा वर्षं जुनं झालंय, तरी त्यावर अजून कुणी वाद घालत नाही. गाडीत वाद न होणारी ती एवढीच एक गोष्ट.

साळवण मागं पडतं. धुकं फाटतं आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. कळ्याच्या अलीकडं गुऱ्हाळांच्या धुराची रेघ दिसते, पण त्याआधी वास येतो. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, जळक्या चिपाडांचा, घशाला गोड खवखव आणणारा. भूक लागते. आबा कमरेची पिशवी सोडून तुमच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवतात आणि त्या बदल्यात तुम्ही ऐकत राहायचं असतं. बालिंग्याच्या पुलावर नदी ओलांडताना आबा आपल्या लहानपणात शिरतात. खासबागेच्या पहिल्या मैदानाला ते वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते म्हणे. गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन. “माझ्या डोळ्यांनी बगिटलंय,” म्हणतात. मागचा कुणीतरी कुजबुजतो, मागच्या खेपेला आबांनी ती कुस्ती निराळीच सांगितली होती. आबांना ऐकू जातं. ते ऐकू न गेल्यासारखं करतात.

रंकाळ्यावर उतरा. पाय झाडा, मुंग्या आल्या असतील. आता चालायचं, आणि चालताना वाट विचारायची नाही, कारण सगळं गावच एका दिशेनं वाहतंय. फेटे, टोप्या, सायकली, टांगे. गंगावेशीत म्हशी बांधल्यात आणि गवळी समोर धार काढून पेला पुढं करतोय. घ्या. फेस ओठाला लागतो, दूध कोमट आहे, म्हशीच्या अंगाएवढं. तुमच्या शेजारी एक पैलवान उभा आहे. त्याच्याकडं टक लावून बघू नका. पण कान बघून घ्या. ते कानच राहिलेले नाहीत, मातीत घासून, मार खाऊन गाठी झाल्यात. तो भलामोठा पेला एका दमात संपवतो, मिशी पुसतो आणि गवळ्याला अगदी बारीक आवाजात म्हणतो, “आणि एक.” इतक्या मोठ्या देहातून इतका लाजरा आवाज कसा येतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

महाद्वारावरून फुलांचा आणि धुपाचा वास घेत पुढं जा. अंबाबाईला लांबूनच हात जोडा, सगळे तेच करतायत. नाट्यगृहाच्या अलीकडं गर्दी घट्ट होते. आता तुमचे पाय तुमचे राहिले नाहीत. पुढच्याची पाठ तुमच्या छातीला आणि मागच्याचं कोपर तुमच्या बरगडीला. दरवाजाशी पोलीस काठी आडवी धरून ओरडतोय, त्याचं कुणी ऐकत नाहीये, आणि तोही ऐकावं म्हणून ओरडत नाहीये. पैशाची पुरचुंडी मुठीत धरा. एक धक्का बसतो, चप्पल सुटते, पुन्हा सापडते, आणि तुम्ही आत.

थांबा. सगळे थांबतात इथं, पहिल्यांदा.

मैदान तुमच्या समोर नाही, तुमच्या खाली आहे. प्रचंड गोल, चहूकडून उतरत गेलेला मातीचा उतार, आणि मधोमध उंचावर बांधलेला हौदा. उतारावर माणसं, माणसांवर माणसं, पांढऱ्या-भगव्या-गुलाबी फेट्यांची. शाहू महाराज विलायतेला गेले होते तेव्हा वाटेत रोमचे जुने आखाडे बघून आले आणि १९०७ साली इथं काम सुरू झालं, १९१२ साली मैदान उभं राहिलं. ही हकीकत तुम्हाला आज निदान तीन माणसं सांगतील आणि तिघंही अशी सांगतील की महाराजांबरोबर बोटीत तेच होते. पण जागेची खरी करामत बसल्यावर कळते. तुम्ही पार वरच्या कडेला, सगळ्यात स्वस्त जागी, आणि तरी हौद्यातल्या मातीवर उमटलेलं पाऊल दिसतंय. पुढच्याचं डोकं आड येत नाही. बावड्याहून आलेला धनगर आणि खुर्चीवर बसलेले सरदार, दोघांना एकच कुस्ती दिसते. महाराजांनी पैलवान पोसले हे सगळे सांगतात. त्यांनी कुस्ती बघणारे तयार केले, हे फारसं कुणी सांगत नाही. ज्याला नीट दिसतं तो तोंड उघडतो, आणि इथं पंचवीसतीस हजार तोंडं उघडी आहेत.

“तिकडं नगा बसू!” आबा तुमचा सदरा ओढतात. “मावळतीकडं पाठ करा.”

ऐका त्यांचं. दुपार कलली की समोरच्या बाजूला बसलेले सगळे कपाळावर हात धरून बघत बसतात. त्या हातामुळं शेजाऱ्याला दिसत नाही आणि मग तिथं मैदानाबाहेरच्या कुस्त्या लागतात. शिवाय वारा. वारा कुठून आहे ते मुठीतली माती सोडून बघायचं. तो तुमच्या तोंडावर आला तर संध्याकाळपर्यंत दातात कचकच. आबांनी पन्नास वर्षं घालवून जागा शोधली आहे, ती तुम्हाला फुकट मिळाली. तिथं आधीच बसलेल्या चौघांना ते केवळ खाकरून सरकवतात.

आता मातीकडं या. म्हणजे नजरेनं. हौद्यात दोघंजण फावड्यानं ती खालीवर करतायत. तांबूस, मऊ, ढेकूळ सापडलं की हातानं चुरून टाकतायत. हिच्यात ताक गेलंय, तेल गेलंय, लिंबू, हळद, कापूर, काव गेलीय. वारा फिरला की त्या सगळ्याचा मिळून एक वास येतो, आंबूस आणि थोडा औषधी, तालमीच्या दाराशी येतो तो. पाणी मारून ओल धरलीय. आणि याच ओलीवरून तुमच्या पुढच्या रांगेत आता जुंपलीय.

“वल ज्यादा झाली. पाय रुतनार. चपळ गड्याचं मरान हाय आज.”

“वरवर वली दिसती. ऊन खाल्लं की बरुबर हुईल. मोठी कुस्ती लागंस्तवर भुसभुशीत.”

“भुसभुशीत मातीत पट निसाटतोय.”

“पट लावनाऱ्याचा निसाटतोय. काडनाऱ्याचा न्हाई.”

हे चौघं आपसात ओळखीचे नाहीत. एक चंदगडकडचा शेतकरी, एक कापडदुकानातला गुमास्ता, एक शाळामास्तर, एक कोण ते त्याचं त्यालाच ठाऊक. तासाभरापूर्वी त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता ते मातीच्या ओलीवरून एकमेकांची अक्कल काढतायत, आणि मधूनच एकमेकांच्या हातावर तंबाखू ठेवतायत. तुम्हालाही मत विचारलं जाईल. “बघू,” म्हणा. हे उत्तर इथं फार जाणकाराचं समजतात.

हलगी कडाडते.

ती आधी कानाला नाही, पोटाला कळते. हलगी, घुमकं, कैताळ. कातडं शेकोटीवर तापवून घेतलंय, त्यामुळं प्रत्येक टिपरीला चटका आहे. वर शिंग फुंकलं जातं आणि तुमच्या मांडीवरचे शेंगदाणे सांडतात. लहान पोरांच्या जोड्या सुटतात. दहा-बारा वर्षांची पोरं, लंगोट नुकता बांधायला शिकलेली, शड्डू ठोकतात तेव्हा मांडीपेक्षा तळव्याचाच आवाज जास्त. एकाच वेळी दोन-तीन कुस्त्या. कुठं बघावं कळत नाही. जिंकलेलं पोर धुळीनं माखलेलं, मैदानाला गोल फेरी मारतं आणि लोक त्याच्या मुठीत आणे-रुपये कोंबतात. हरलेलं पोर वस्तादाच्या मागं लपून रडतं. वस्ताद त्याच्याकडं बघत नाही, नुसता मागं हात करून त्याच्या डोक्यावर ठेवतो. तुम्ही हे बघत असताना तिसरीकडं एक सुंदर ढाक लागली आणि तुमची चुकली. अख्खा उतार “आहाहा!” म्हणाला. आबा तुमच्याकडं असं बघतात की तुम्ही त्यांचा गूळ फुकट खाल्लात.

ऊन चढतं. घाम कानामागून मानेत आणि मानेवरून पाठीत उतरतो. भडंगवाला रांगांच्या मधून डोक्यावर पाटी घेऊन चालतोय, त्याचा पाय तुमच्या बोटांवर पडतो, वर तोच तुम्हाला शिवी देतो. घ्या एक पुडी. लसणाचा खमंगपणा, वर कच्चा कांदा, आणि तिखट असं की नाक वाहायला लागतं. पाणी मिळणार नाही. उसाचं कांडं घ्या, तेच पाणी. चोथा कुठं टाकायचा हे मात्र विचारू नका. तुमच्या मागचा कुठं टाकतोय ते तुमच्या कॉलरमध्ये हात घालून बघा.

मोठ्या कुस्तीची जोड लाऊडस्पीकरवरून पुकारतात. नावं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही पुढच्या काळातून आलाय, कुठंतरी निकाल वाचला असेल आणि पुढच्या रांगेतल्या मास्तराशी पैज माराल. एक पंजाबचा आहे, गोरा, खांद्यानं रुंद. एक आपला, तांबड्या लांगेचा, काळासावळा. एवढं बस्स.

दोघं हौद्यात उतरतात. वाकून माती कपाळाला लावतात, मूठभर एकमेकांच्या अंगावर टाकतात. घामानं निसटू नये म्हणून ही माती. शड्डू. हा खरा शड्डू, वरच्या कडेला दणका ऐकू येतो. सलामी झाली. हात हातात, कपाळ कपाळाला.

आणि मग काहीच होत नाही.

तुम्हाला असं वाटतंय. पाच मिनिटं, दहा मिनिटं, दोन बैलांसारखे ते एकमेकांना रेटतायत. तुम्ही जांभई द्यायला तोंड उघडता आणि लक्षात येतं, आजूबाजूला हजारो माणसं श्वास धरून बसलीत. गुमास्ता हळूच सांगतो, “उजवा पाय बघा पंजाब्याचा. मघाशी पुढं टाकत होता. आता टाकत नाही.” तुम्ही बघता. खरंच की. “गुडघा?” “गुडघा नाही, भीती. एकदा पटात हात गेला होता आपल्याचा, तेव्हापासून.” तो हात कधी गेला, तुम्हाला दिसलाच नव्हता. आता दिसायला लागतो. मान कुणाची दबतेय, मनगट कोण सोडवून घेतोय, श्वास कुणाचा तोंडानं चाललाय. जी नुसती ढकलाढकली होती तिच्यात डाव-प्रतिडाव चाललेत. हे तुम्हाला गुमास्त्यानं शिकवलं, कापड मोजता मोजता शिकलेल्या माणसानं.

वरच्या कडेवरून कुणीतरी ओरडतं, “नुरा! नुरा हाय ही!” ठरवून लावलेली कुस्ती, म्हणजे इथली सगळ्यात मोठी शिवी. निम्मं मैदान त्याच्यावर उलटतं, निम्मं त्याला साथ देतं. कुणाचा तरी फेटा उडतो. पंच हौद्यात येऊन दोघांना काहीतरी बजावतात. हलगीवाल्याला बरोबर कळतं, तो ठेका चढवतो.

तांबडी लांग खाली जाते. गेलीच! पंजाब्याचा डावा पाय त्याच्या कवेत. पंजाबी एका पायावर नाचतो, मागं, मागं, काठापर्यंत, आणि पोटावर पडतो. आपला त्याच्या पाठीवर. कब्जा! आता आवाज असा आहे की तो आवाज वाटत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. “घिस्सा! घिस्सा लाव!” मास्तर ओरडतायत, ते ज्यांनी दिवसभर एकही शब्द अशुद्ध बोलला नाही. आपल्यानं जांघ्यात हात घातला, नडगी मानेवर टाकली, घासतोय. पंजाबी मातीत तोंड खुपसून घट्ट. मग त्याची कूस वळायला लागते. बोटभर. चार बोटं. एक खांदा माती सोडतो, दुसरा मातीकडं झुकतो, तो मानेवर तोलतो, पाठ अधांतरी...

आणि सगळं मैदान उभं राहतं.

महाराजांनी सगळा विचार केला होता, एवढा सोडून. बसलेल्यांना कुणाच्या डोक्याचा अडथळा होणार नाही असा उतार त्यांनी दिला. सगळेच उभे राहिले तर काय, याला उत्तर नाही. तुमच्या डोळ्यांसमोर एक गुलाबी फेटा आहे. त्याच्या डावीकडून आकाश दिसतं, उजवीकडून आबांची मिशी. तुम्ही उडी मारता, हौद्यातला धुरळा दिसतो. पुन्हा उडी, पंचांचा वर गेलेला हात. टोप्या हवेत, नोटा हवेत, कुणीतरी तुमच्या गालाचा मुका घेतो, तंबाखूचा. आपल्या पैलवानाला खांद्यावर उचललंय.

“लागली का पाठ?” तुम्ही विचारता.

हा प्रश्न तुम्ही विचारायला नको होता.

“म्हंजे? आबाळ दावलं की!”

“कुटं? एकच खांदा टेकला. दुसरा ह्याच्यात आन मातीत हात जाईल एवढा वर हुता.”

“पाठीची माती बगा की त्येच्या!”

“आरं, पंदरा मिन्टं मातीत लोळतोय, माती पोटालाबी हाय. पोट लागलं म्हून चितपट धरायचं व्हय?”

पंचांनी निकाल दिलाय. इनाम वाटून झालंय. पंजाबी उठून अंग झाडत, हसत, आपल्याशी हात मिळवून गेलासुद्धा. त्या दोघांपुरती कुस्ती संपली. इथं ती आता लागते. दरवाजातून बाहेर पडताना, चेपलेल्या बरगड्यांनी, पंचवीस हजार माणसं हातवारे करत तो शेवटचा क्षण पुन्हा लावतायत. गुमास्ता आणि चंदगडकर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून एकमेकांचा खांदा पिरगाळून दाखवतायत. टांग्याचा घोडा थबकलाय. टांगेवालाही खाली उतरलाय, कारण गुमास्त्यानं कोपर चुकीचं धरलंय.

बावड्याच्या गाडीला अजून वेळ आहे. गंगावेशीत दूध घ्यायला थांबलात तर तिथंही तेच. आबा एका बाजूला, घाटाखालचे चौघं दुसऱ्या बाजूला, मध्ये पेले. आबा म्हणतात लागली. ते म्हणतात नाही. आबा इमामबक्षाला साक्षीला बोलावतात. ते म्हणतात, तुमचा इमामबक्ष सोडा, ह्या पावण्यास्नी इचारा, हे काय कुनाच्या बाजूचं न्हाईत.

सगळे तुमच्याकडं वळतात. गवळ्यानंसुद्धा धार थांबवलीय.

“बोला पावनं,” आबा म्हणतात, “तुमी तर माझ्या बाजूलाच हुता. दोन्ही खांदं टेकलं का न्हाई?” आणि पेल्याआडून, कुणाला दिसणार नाही असं, तुमच्या हातावर आणखी एक गुळाचा खडा ठेवतात.